सुपडूआबांच्या दुधातले थेंब

सुपडूआबांना चहा दिला की ते कपाकडे बघायचे नाहीत, कप देणाऱ्याच्या हाताकडे बघायचे. हात स्थिर आहे की कापतोय, कप ठेवल्यावर हात लगेच मागे जातो की उगीच रेंगाळतो, हे सगळं पाहून झालं की मग कप उचलायचे. नव्या माणसाला वाटायचं, या गृहस्थाला आपल्या हातचा चहा चालत नाही की काय. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की त्यांना कुणाच्याच हातून काही सरळ घेता येत नाही. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या लाल गाड्यांमध्ये तिकिटं तपासण्यात घालवली होती, आणि त्या नोकरीत सरळ घेणारा माणूस टिकत नाही.

त्यांची माझी पहिली भेटही गाडीतच झाली. मी चोपडा डेपोत कंडक्टर म्हणून नुकती लागले होते. बाई कंडक्टर म्हणजे तेव्हा लोकांना कौतुकही होतं आणि फुकटची करमणूकही. जळगावच्या गाडीवर होते, आणि धानोऱ्याला एक शेतकरी चढला. डोक्याला उपरणं, हातात वांग्यांची पिशवी. मी तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत गेले तर म्हणाले, "पास शे मनाकडे." दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "घर ऱ्हाई गया." मग तिकीट घ्या, म्हटलं. ते पिशवी पोटाशी धरून बसले. अख्खी गाडी त्यांच्या बाजूने बोलायला लागली, जाऊ द्या ना बाई, म्हातारा माणूस आहे, तुमच्या बापासारखा आहे. पण मीही हट्टाला पेटले. तापीचा पूल यायच्या आधी गाडी थांबवायला दोरी ओढणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून खात्याचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर धरलं.

बापासारखा म्हणणारे सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. ते मात्र खूश दिसत होते. म्हणाले, "पोरी, तू माले उतारी देती, म्हनीसन तुले एक सांगस. मानूसना तोंडाकडे नको देखू. तोंड खोटं बोलस. हात खोटं बोलत नही." एवढं शहाणपण शिकवून झाल्यावर त्यांनी माझं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, मागितलं आणि त्यात एक चूक काढून मला शेरा दिलाच. जाताना वांगी मात्र पिशवीसकट घेऊन गेले. ती खरोखरच घरच्या भरतासाठी आणलेली होती.

पुढे मी त्यांच्याच गल्लीत घर घेतलं, तेव्हा ते निवृत्त झालेले होते. घरात चौघं होती. आबा, त्यांच्या पत्नी वच्छलाअक्का, ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान चालवणारा मुलगा विलास आणि धुळ्याहून लग्न होऊन आलेली सून मनीषा. नोकरी संपली तरी आबांचं चेकिंग संपलं नव्हतं. दूध आलं की विचारणार, आज पातळ का. अक्का मंदिरातून आल्या की विचारणार, इतका वेळ कोण भेटलं होतं. विलास दुकानातून आला की आधी त्याच्या चपला बघणार, कुठला चिखल आहे म्हणून. त्यांच्या मनात वाईट नसायचं. पण सतत कुणी उलटतपासणी घेणारं असलं की घरातली माणसं साधी गोष्टही लपवायला शिकतात. अक्का पेढ्यांचा पुडा आणला तरी पिठाच्या डब्यात ठेवायच्या, आणि का ठेवला विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. विलासने दुसरा मार्ग धरला. बापाने सगळे प्रश्न विचारून संपवलेले असल्यामुळे त्याने आयुष्यात कुणालाही एकही प्रश्न विचारायचा नाही असं जणू ठरवून टाकलं होतं. कुणी काही मागितलं की तो आणून द्यायचा.

एवढं सगळं असूनही आबा मला आवडायचे. संध्याकाळी ओट्यावर बसले की मी समोर जाऊन बसायची. ते रस्त्यावरून जाणाऱ्याकडे बघून हळूच सांगायचे, हा घरी भांडून निघालाय, त्या बाईच्या पिशवीत माहेरचं काहीतरी आहे. मी म्हणायची, "आबा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." ते म्हणायचे, "पोलिसले पुरावा लागस. माले लागत नही." मग आपल्याच बोलण्यावर खूप हसायचे. मला तर नंतर नंतर गाडीत चढणारा प्रत्येक माणूस त्यांच्याच नजरेने दिसायला लागला. माझ्यात जो काही संशयखोरपणा आहे तो सगळा त्यांच्याकडून आलाय, आणि नोकरीत त्याने माझं भलंच केलं.

आजार सुरू झाला तेव्हा आम्हाला कळलाच नाही. कळणार कसा? दुसऱ्या कुणी घरच्यांवर संशय घेतला असता तर लोक म्हणाले असते, याला काहीतरी झालंय. आबांनी घेतला तर सगळे म्हणायचे, आबांचा स्वभाव. चष्मा सापडला नाही की तो मनीषाने लपवला. पंचा दिसला नाही की तो विलासने विकला. पंचा कोण विकत घेईल, असं मी हसत विचारलं, तर माझ्याकडेही असं पाहिलं की मी विषय बदलला. मग एक दिवस ते बस स्टँडवर गेले आणि उभ्या गाडीत चढून तिकिटं तपासायला लागले. डेपोतल्या पोरांना आधी गंमत वाटली. ड्रायव्हर सलाम ठोकायचे, ओळखीचे प्रवासी तिकिटं दाखवायचेसुद्धा. पण एकदा त्यांनी एका परक्या बाईची पिशवी धरली, सोडेचनात, आणि तिच्या नवऱ्याने त्यांना ढकललं. माझी ड्यूटी तिथेच होती म्हणून बरं. त्यांना रिक्षात बसवून घरी आणलं, तर वाटेत मलाच त्यांच्यात सामील ठरवून म्हणाले, "तू त्या लोकसले मिळेल शे."

घरी दारात अक्का उभ्या होत्या. आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हाई बाई कोन शे? कोठे चढनी?"

अक्का म्हणाल्या, "तुमनासंगेच चढनू मी." आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. भांडी आधीच घासलेली होती.

त्यानंतर सगळं भराभर बिघडत गेलं. आबांना कपाटामागे माणसं दिसायला लागली. विलास आत आला की चोर आला म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर काठी घातली. झोप नाही, घरच्यांनाही नाही. शेवटी विलास त्यांना जळगावला मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सांगितलं की हा विसराचा आजार आहे, मेंदू झिजत चाललाय, आणि ही भीती नि हे भास त्यातूनच येतात. भीतीसाठी गोळी दिली. आबांनी ती जिभेखाली धरून नंतर तुळशीत थुंकली. विलास पुन्हा गेला, तेव्हा डॉक्टरांनी थेंबाचं औषध दिलं. वास नाही, चव नाही, रंग नाही. सध्या दुधातून द्या, थोडे थेंब, आणि काही आठवड्यांनी त्यांना परत घेऊन या, असं बजावून सांगितलं.

औषधाने गुण आला, हे मी नाकारणार नाही. कपाटामागची माणसं गेली. आबा झोपायला लागले, आणि एकदा तर अक्कांना नावाने हाक मारली. पण गुण आला म्हणूनच परत कुणी गेलं नाही. बरं वाटतंय तर जळगावपर्यंत कशाला दमवायचं, असं घरात ठरलं. बाटली संपली की विलास कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुसरी आणायचा. तिथला पोरगा ओळखीचा होता, तो जुनी चिठ्ठीसुद्धा मागायचा नाही.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच की आबा बदलत चाललेत. पावलं घासत चालायला लागले. चेहऱ्यावरचं हसू गेलं, राग गेला, सगळंच गेलं. ओठाच्या कडेने लाळ यायची आणि ते पुसायचेही नाहीत. मी समोर बसून म्हणायची, आबा, तो बघा कोण चाललाय, आणि ते बघायचेच नाहीत. आणि एका दुपारी मी साखर मागायला गेले, तर मनीषाने स्वयंपाकाच्या ओट्यावरची एक छोटी बाटली हळदीच्या बरणीमागे सरकवली.

मला जे वाटायचं ते वाटलंच. मी डोळ्यांनी तिचा हात पाहिला होता. सुनेने सासऱ्याला गुंगीत ठेवलंय, आबांच्या नावच्या केळीच्या बागेच्या कागदांवर सह्या घ्यायच्या असतील, तिच्या धुळ्याच्या भावांनी शिकवलं असेल, असं मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. डॉक्टरांवरही माझा विश्वास नव्हता. असल्या डॉक्टरकडे गेलेला माणूस धडधाकट परत आलेला मी पाहिला नव्हता. मनीषाला तोंडावर विचारलं, "काय देतेस गं त्यांना?" ती म्हणाली, "काही नाही ताई, दूध." तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

आबांना मात्र कुणी काही सांगावं लागत नव्हतं. सगळं विसरले तरी हाताकडे बघणं विसरले नव्हते. मनीषा दूध ढवळत असायची आणि ते जड जिभेने म्हणायचे, "इतलं काब्र हालावस? साखर कव्हयनी इरघळी गयी." ती म्हणायची, काही नाही आबा. अक्का म्हणायच्या, काहीच नही, प्या. विलास म्हणायचा, काही नाही. घरातली तिन्ही माणसं एका सुरात काही नाही म्हणायची. आबा तिघांचेही हात बघून माझ्याकडे वळून म्हणाले, "बठ्ठासना हात कापतस. माले येडा समजतस."

आणि एक दिवस त्यांनी जेवणच सोडलं. दूध नाही, भाकरी नाही, अक्कांच्या हातचे कढी-फुणके ते कधी नाकारायचे नाहीत, तेही नाही. ताट समोर आलं की दोन्ही हातांनी दूर सारायचे. "यामां काही तरी टाकेल शे. मी खावाव नही." पाणी तेवढं स्वतःच्या हाताने माठातून घ्यायचे, तेही थरथरत, निम्मं अंगावर सांडत. अक्का पायाशी बसून रडल्या, तरी नाही. त्यांचे गाल बसले. आधीच ताठलेलं शरीर, त्यात पोटात अन्न नाही. माठापाशीच ते कोसळले आणि कपाळ फुटलं. विलासने गाडी काढली, अक्का आणि मनीषाही बसल्या. मी त्या दिवशी रजेवर होते, म्हटलं, मीही येते. खरं सांगायचं तर मला सुनेवर नजर ठेवायची होती.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आबांचा हात कोपरातून वाकवून पाहिला. तो सरळ वाकत नव्हता, अडकत अडकत वाकत होता. कपाळाला टाके घातले, सलाईन लावलं, आणि मग आम्हाला समोर बसवून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "औषध कोण देतं?"

"मी," मनीषा म्हणाली.

"किती?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच, मॅडम. सकाळच्या दुधातून. एकही थेंब जास्त नाही." ती टेबलावर दोन्ही हात ठेवून बोलत होती. हात स्थिर होते. मला ते अजिबात अपेक्षित नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "तेवढ्याने हे असं व्हायला नको. कुणी आणखी काही देतंय?" विलासने नाही म्हणून मान हलवली. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि आत बोटं एकमेकांत चुरगाळत होत्या. आबांनी शिकवलेलं सगळं मी सुनेवर वापरत होते, आणि अक्कांच्या हातांकडे इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही पण?"

त्यांना रडू फुटलं. "ती इसरी जास व, बाई. घरना इतला काम, आनि पोर इसरी जास. धनीना जीवना सवाल शे. म्हनीसन मी संध्याकायले कढीमां टाकी देस."

"आणि तुम्हाला बाटली कुठून?" मी विचारलं.

विलासने हळूच हात वर केला, वर्गात करतात तसा. मनीषा म्हणायची औषध संपलं, तो आणायचा. आई म्हणायची आबांचं औषध आण, तो आणायचा. एक हळदीच्या बरणीमागे, एक पिठाच्या डब्यात. दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं, कारण त्या घरात कुणी कुणाला काही सांगायचंच नाही. सुनेला वाटे, औषध दिल्याचं रोज सांगितलं तर सासू म्हणेल, तुझा हात हलका नाही, मी देते. सासूला वाटे, सुनेला कळलं तर म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही. आणि दोघींच्या मधोमध तो एकटा संशय न घेणारा माणूस बाटल्या आणून देत होता. मला त्याला फाडून खावंसं वाटलं. पण त्याचा चेहरा पाहिल्यावर ते जमलं नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं वाटण्याइतक्या शांत होत्या. म्हणाल्या, "हे औषध वाईट नाही. माणूस भीतीने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागतो तेव्हा ते लागतं, आणि ज्यांना मोठा मानसिक आजार असतो त्यांना तर वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, त्यावर ती माणसं उभी राहतात. पण विसराच्या आजारातल्या म्हाताऱ्या माणसाला ते जपून द्यायचं असतं. शरीर ताठतं, घास गिळता येत नाही, तोल जातो, मेंदूला झटकाही येऊ शकतो. म्हणून थोडं द्यायचं, थोडे दिवस द्यायचं, आणि लागेनासं झालं की बंद करायचं. ते बघायलाच मी परत बोलावलं होतं. लपवून दिलं की त्यावर नजर ठेवणारं कुणी राहत नाही."

विलास म्हणाला, "पण मॅडम, त्यांना सांगितलं तर ते घेणारच नाहीत. अन्नात विष आहे म्हणतात."

"अन्नात काहीतरी आहे असं ते म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या, "आणि ते खरंच असतं. तुम्ही तिघं काही नाही म्हणता. या घरात सध्या खरं बोलणारा माणूस एकच आहे, आणि तुम्ही त्याला आजारी म्हणताय."

मी तर इतकी वर्षं लोकांचं खोटं पकडून पगार घेत होते, मला मान वर करता येईना.

औषध बंद झालं. आबा हळूहळू मोकळे झाले. हात वाकायला लागला, गिळायला जमायला लागलं, आणि एकदा ओट्यावरून जाणाऱ्या माणसाकडे त्यांनी जुन्या नजरेने पाहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरात येऊन रडले. पण जेवण सुरू होत नव्हतं. दवाखान्यातून घरी आले तशी ताटं पुन्हा परत जायला लागली. आता अन्नात खरोखर काही नव्हतं. अक्का शपथा घ्यायच्या, विलास आधी घास स्वतः खाऊन दाखवायचा. आबांना त्याचं काय? काही नाही, हे शब्द त्या घरात इतके वापरले गेले होते की त्यांना काही अर्थच उरला नव्हता. केळ्याची साल स्वतः काढून तेवढं केळं खायचे, बाकी काही नाही. आणि कपाटामागची माणसं परत यायला लागली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, अगदी थोडं औषध, थोडेच दिवस, आणि या वेळी एकाच माणसाच्या हातून.

मनीषा म्हणाली, "मी देईन. पण सांगून देईन."

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. विलाससुद्धा पहिल्यांदा बायकोला विरोध करून बोलला, की सांगितलंस तर आहे तेही सोडतील, जीव जाईल त्यांचा. मीही तिला म्हटलं, बघ बाई, पुस्तकी बोलणं वेगळं. ती ऐकेना. सकाळी दुधाचा पेला घेऊन ती आबांच्या समोर खाली बसली. मी दारात उभी होते. आबांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "काय शे यामां?"

"औषध शे, आबा. तुम्हले भेव वाटस ना, तेन्हं."

आबांनी पेला घेतला आणि सगळं दूध अंगणात ओतून दिलं. अक्का मला म्हणाल्या, बघा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. घरात मनीषाशी कुणी धड बोलत नव्हतं. त्या दिवसांत ती पोरगी किती एकटी पडली होती हे मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, या मुलीवर आपण केळीच्या बागेचा आळ घेतला होता.

मग एका दुपारी तिने मुगाची खिचडी आणली. आबांनी विचारलं, "यामां शे का?"

"यामां नही, आबा. सकायना दूधमां व्हतं. यामां नही."

आबा तिच्याकडे बघत राहिले. हाताकडे नाही, तोंडाकडे. मग बोटाने खिचडीचं एक शीत उचलून जिभेवर ठेवलं, आणि मग घास घेतला. निम्मी वाटी खाल्ली. अक्का स्वयंपाकघरात दाराआड उभ्या राहून तोंडात पदर कोंबून रडत होत्या. खाऊन झाल्यावर आबा मला म्हणाले, आणि असं नीट वाक्य ते किती दिवसांनी बोलले होते, "हाई पोर हो बी म्हनस, नही बी म्हनस. बाकीना बठ्ठा नुसतं नहीच म्हनतस."

त्यानंतर आबा फक्त तिच्या हातचं खायचे. प्रत्येक वेळी विचारायचे, शे का? ती प्रत्येक वेळी खरं सांगायची. आहे म्हणाली की कधी प्यायचे, कधी ओतून द्यायचे. ओतलं तर ती दुसरा पेला आणायची नाही, डॉक्टरांना कळवायची. नाही म्हणाली की मात्र खायचेच. थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी ते औषधही बंद केलं. भीती पूर्ण गेली नाही, पण भीती वाटली की ते मनीषाला हाक मारायचे, कधी मनीषा म्हणून, कधी आई म्हणून. अक्कांनी कढी करायची आणि मनीषाने वाढायची, असं दोघींचं ठरून गेलं. पिठाच्या डब्यात आता फक्त पीठ असायचं.

आबा पुढच्या थंडीत गेले. झोपेत, शांतपणे, घरातली सगळी आजूबाजूला असताना. शेवटी शेवटी त्यांना कुणीच ओळखू यायचं नाही, बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. पण जेवताना तो एक प्रश्न असायचा. शब्द नीट यायचा नाही, नुसती भुवई वर जायची, आणि मनीषा उत्तर द्यायची.

आबा जायच्या थोडे दिवस आधी मनीषा रिकामी वाटी हातात घेऊनच माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, आज आबांनी विचारलंच नाही. मी वाटी पुढे केली आणि ते सरळ खायला लागले. विश्वास बसला ना हो त्यांचा?"

विश्वास बसला होता, की विचारायचं असतं हेच आता ते विसरले होते? हो म्हणून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण या मुलीला तरी मला काहीतरी गोड बोलून फसवायचं नव्हतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत, मनीषा."

तिने मान हलवली. ओट्यावर बसली, वाटी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मी तरी सांगितलं, ताई. ते विचारत नव्हते, तरी सांगितलं. आबा, आज यामां काही नही."